इसार, तेजी-मंदी आणि मोबाइलवरचे ऑप्शन



अलीकडे गटांच्या बैठकांमध्ये एक नवा शब्द कानावर येतो आहे. तो म्हणजे 'ऑप्शन'. कुणी सांगते, "मुलगा मोबाइलवर ऑप्शन करतो." कुणी विचारते, "ताई, निफ्टीत खरंच पैसे दुप्पट होतात का?" कधी कर्जाच्या अर्जावर कारण लिहिलेलं असतं शेळीपालन, आणि पैसा जातो ट्रेडिंगच्या खात्यात. म्हणून आज आम्ही ठरवलं, की हे बरं की वाईट ते आधीच सांगायचं नाही. आधी त्याचा इतिहास सांगायचा. हा धंदा कधी सुरू झाला, कुणी केला, कोण कमावतं, कोण गमावतं, हे कळलं की निर्णय तुमचा तुम्हाला घेता येईल.

सुरुवात आपल्या ओळखीच्या शब्दापासून करू. इसार. जमीन घ्यायची ठरली की आपण थोडी रक्कम देतो, पावती करतो आणि मुदत ठरवतो. तेवढ्या मुदतीत मालकानं ती जमीन दुसऱ्याला विकायची नाही, भावही वाढवायचा नाही. आपण मागे फिरलो तर बहुतेक वेळा इसार बुडतो. ऑप्शन याच्याच जवळचा आहे. थोडे पैसे देऊन ठरलेल्या भावानं, ठरलेल्या मुदतीत घेण्याचा हक्क विकत घ्यायचा. घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही. फरक एकच, पण मोठा आहे. जमिनीचा इसार पुढं किमतीतून वजा होतो. ऑप्शनसाठी दिलेले पैसे, ज्याला प्रीमियम म्हणतात, ते कधीच वजा होत नाहीत. व्यवहार झाला तरी गेले, नाही झाला तरी गेले.

घेण्याच्या हक्काला 'कॉल' म्हणतात आणि विकण्याच्या हक्काला 'पुट'. पुट समजायला हमीभाव आठवा. बाजारात तुरीला भाव जास्त असेल तर आपण बाजारात विकतो. भाव पडला तर हमीभावाच्या केंद्राकडे वळतो. केंद्रावर विकण्याचा हक्क आहे, सक्ती नाही. फरक असा, की पुटचा हक्क पैसे मोजून विकत घ्यावा लागतो, पीकविम्याच्या हप्त्यासारखा.

आता इतिहासाकडे वळू. या व्यवहाराची सर्वात जुनी गोष्ट ग्रीस देशातली आहे, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. ती ॲरिस्टॉटल या विचारवंतानं आपल्या राज्यशास्त्राच्या ग्रंथात सांगितली आहे. मिलेटस गावात थेलीस नावाचा एक ज्ञानी माणूस होता. लोक त्याला टोमणे मारायचे, "एवढं शिकून काय उपयोग, हातात पैसा तर नाही." थेलीसला ताऱ्यांच्या अभ्यासावरून वाटलं की पुढच्या हंगामात ऑलिव्हचं पीक भरघोस येणार. ऑलिव्ह म्हणजे तेल काढायचं फळ. भर हिवाळ्यात, घाण्यांना कुणी विचारत नव्हतं तेव्हा, त्यानं जवळचे थोडे पैसे इसार देऊन मिलेटस आणि कायोस इथले सगळे तेलघाणे हंगामासाठी आपल्या नावे केले. पीक आलं, एकाच वेळी सगळ्यांना घाणे हवे झाले आणि थेलीसनं मनाजोगत्या भाड्यानं ते दिले. म्हणजे हरभऱ्याच्या सुगीआधी तालुक्यातली सगळी मळणी यंत्रं कुणी इसार देऊन धरून ठेवावीत, तसं.

गोष्ट ऐकायला छान आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पीक आलं नसतं तर थेलीसचा इसार बुडाला असता, पण फक्त इसारच. आणि नफा झाला तो अंदाज बरोबर ठरला म्हणून, आणि ठरलेल्या मुदतीत ठरला म्हणून. एक वर्ष उशिरा बरोबर ठरून चाललं नसतं.

तिथून थेट सतराव्या शतकात, हॉलंडमधल्या ॲम्स्टरडॅम शहरात येऊ. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. मसाल्याच्या व्यापारासाठी तिची जहाजं आपल्या समुद्रात येत. कंपनीचे शेअर सामान्य लोकांनाही घेता येत. जहाज बुडालं की भाव पडे, माल घेऊन परतलं की भाव चढे. ज्यांच्याकडे आख्खा शेअर घ्यायला पैसे नव्हते, ते शेअर घेण्याचा नुसता हक्क विकत घेऊ लागले. १६८८ मध्ये जोसेफ दे ला वेगा या व्यापाऱ्यानं या बाजारावर स्पॅनिश भाषेत एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थच 'गोंधळांचा गोंधळ' असा आहे. त्यात एक तत्त्वज्ञ, एक व्यापारी आणि एक शेअरवाला गप्पा मारतात, आणि ऑप्शन कसा वापरावा हेही त्यात येतं. शेअर बाजारावरच्या सर्वात जुन्या पुस्तकांत ते मोजलं जातं.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ, कारण हा धंदा आपल्याकडे मोबाइलबरोबर आलेला नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. मग मुंबई बंदरातून खानदेश-वऱ्हाडचा कापूस जाऊ लागला आणि भाव कडाडले. मुंबईत पैशाचा पूर आला. रोज नव्या कंपन्या निघाल्या, नव्या बँका निघाल्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला. प्रेमचंद रायचंद हा या बाजाराचा राजा होता. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्याच्याच देणगीतून उभा राहिला. राजाबाई हे त्याच्या आईचं नाव.

१८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध थांबलं. कापसाचे भाव कोसळले. शेअरच्या वायद्याच्या व्यवहारांची मुदत होती १ जुलै १८६५. त्या दिवशी पैसे देणं कुणालाच जमेना. घरंच्या घरं बुडाली, बँक ऑफ बॉम्बेसुद्धा पुढं बंद पडली.

तुम्ही म्हणाल, हे शहरातल्या शेठ-सावकारांचं झालं. नाही. युद्धाच्या काळात सावकार शेतकऱ्याला कर्ज देताना हात आखडत नव्हते. युद्ध संपलं, कापूस पडला, आणि सावकारांनी नवी उचल द्यायचं थांबवून जुन्या बाकीचा तगादा लावला. त्यात सरकारनं शेतसाराही वाढवला. दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. तो उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. आणि त्याच वर्षी, १८७५ मध्ये, मुंबईत शेअर दलालांनी आपली संघटना बांधली. तोच आजचा मुंबई शेअर बाजार. एकाच वर्षातल्या या दोन घटना. बाजाराचा चढ-उतार शहरात होतो, पण त्याचं ओझं गावापर्यंत येतं, हे आपल्या आजी-पणजींनी सोसलेलं आहे.

मुंबईच्या बाजारात ऑप्शनला आपले देशी शब्द होते. भाव वाढेल म्हणून घेतलेला हक्क म्हणजे 'तेजी', पडेल म्हणून घेतलेला 'मंदी', आणि दोन्ही बाजूंनी घेतला तर 'तेजी-मंदी'. कापसाच्या बाजारात हा खेळ इतका चालायचा, की १९३९ मध्ये मुंबई सरकारनं कापसातले ऑप्शन बंद करणारा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या कायद्यानं मालावरचे आणि १९५६ च्या कायद्यानं शेअरवरचे ऑप्शन बंद झाले. १९५६ च्या कायद्यात तर तेजी, मंदी, तेजी-मंदी, गल्ली हे बाजारातले शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. सुमारे चाळीस वर्षं शेअरवरचे ऑप्शन आपल्याकडे बेकायदा होते. १९९५ मध्ये ती बंदी उठली.

आपल्याकडे बंदी असताना अमेरिकेत उलटं घडत होतं. २६ एप्रिल १९७३ रोजी शिकागो शहरात फक्त ऑप्शनसाठी वेगळा बाजार उघडला. पहिल्या दिवशी १६ कंपन्यांच्या शेअरवर ९११ सौदे झाले. त्याच वर्षी ब्लॅक आणि शोल्स या दोन अभ्यासकांनी ऑप्शनची किंमत किती असावी याचं गणित मांडलं. मर्टन नावाच्या तिसऱ्या अभ्यासकानं ते पुढं नेलं. ब्लॅक वारले होते, म्हणून १९९७ चं नोबेल पारितोषिक शोल्स आणि मर्टन यांना मिळालं. पण पुढचं ऐका. हे दोघे ज्या मोठ्या गुंतवणूक कंपनीत भागीदार होते, ती कंपनी पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, ४०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम गमावून बसली. उधारीवर मोठे सौदे केले होते. तिला सावरायला १४ बँका आणि वित्तसंस्थांना एकत्र यावं लागलं. गणित येणं वेगळं आणि बाजार आपल्या गणिताप्रमाणे चालणं वेगळं.

त्याच काळात अमेरिकेत आणखी एक माणूस अगदी साधी गोष्ट सांगत होता. त्याचं नाव जॉन बोगल. त्याचं म्हणणं असं, की कोणता शेअर वाढेल हे ओळखत बसू नका. बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचा एक आख्खा गठ्ठाच थोडा थोडा घ्या, खर्च कमी ठेवा आणि वर्षानुवर्षं थांबा. या गठ्ठ्याच्या भावाचा जो आकडा असतो त्याला निर्देशांक किंवा इंडेक्स म्हणतात आणि अशा योजनेला इंडेक्स फंड. १९७६ मध्ये त्यानं सामान्य माणसासाठी असा फंड काढला. १५ कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती, जमले साधारण १ कोटी १३ लाख. लोक त्याला 'बोगलचा वेडेपणा' म्हणून हसले. आज इंडेक्स फंड जगभर आहेत. आपल्या गटांना ही कल्पना परकी वाटू नये. थोडी थोडी बचत, ठरल्या तारखेला, न चुकता, वर्षानुवर्षं. आपण तेच करतो.

आता ही दोन टोकं एकत्र कशी आली ते बघू. शिकागोच्या बाजारातले ऑप्शन सुरुवातीला थोड्या महिन्यांच्या मुदतीचे असत. १९९० मध्ये तिथं एक वर्षाहून लांब, दोन-तीन वर्षं मुदतीचे ऑप्शन सुरू झाले. १९९३ मध्ये शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा अमेरिकेतला पहिला इंडेक्स फंड आला. पुढं अशा फंडांवरही लांब मुदतीचे ऑप्शन मिळू लागले. तिथले काही नोकरदार, निवृत्त लोक हौस म्हणून हे करू लागले. बरीचशी बचत साध्या फंडात ठेवायची आणि थोड्या पैशांनी फंडावरचा दोन वर्षांचा कॉल घ्यायचा.

ही हौस कशी चालते ते हिशेबानं बघू. आकडे आम्ही समजण्यासाठी धरले आहेत. फंडाचा भाव १०० रुपये. दोन वर्षांनी १०० रुपयांनाच घेण्याच्या हक्काची किंमत १२ रुपये. दोन वर्षांनी भाव १३० झाला, तर हक्काची किंमत ३० रुपये. १२ गेले, ३० आले, १८ फायदा. बारा रुपयांवर अठरा म्हणजे दीडपट नफा. म्हणून लोकांना भुरळ पडते. आता भाव १०८ झाला असं धरा. फंड घेऊन ठेवणारीला ८ रुपये फायदा. ऑप्शनवालीच्या हातात ८ आले, पण तिचे १२ गेले होते, म्हणजे ४ रुपये तोटा. बाजार वाढला आणि तरी ती तोट्यात. आणि भाव ९५ झाला तर? फंडवालीचे ५ रुपये कमी दिसतात, पण फंड तिच्याकडे आहे, ती थांबू शकते. ऑप्शनवालीचे बाराच्या बारा रुपये गेले, आणि मुदत संपल्यावर थांबायलाही हातात काही उरलं नाही.

हे खरोखर घडलेलं आहे. अमेरिकेतल्या ५०० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक ऑक्टोबर २००७ मध्ये १,५६५ वर होता. मार्च २००९ मध्ये तो ६७६ वर आला, म्हणजे निम्म्याहून खाली. २००७ च्या त्या भावाला दोन वर्षांचा कॉल घेणाऱ्याचा पैसा मुदतीअंती शून्य झाला. साधा फंड घेतलेल्यानं धीर धरला, तर २०१३ मध्ये तो पातळी पुन्हा पाहू शकला. दोघांचा अंदाज एकच होता, की बाजार पुढं वाढेल. तो बरोबरही ठरला. पण एकाकडे वेळ होता आणि दुसऱ्याच्या वेळेला तारीख लावलेली होती.

आपल्याकडे राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक. २००१ च्या जूनमध्ये निफ्टीवरचे ऑप्शन सुरू झाले. २००८ मध्ये लांब मुदतीचेही आले. पण त्यांत व्यवहार तुरळकच राहिले. गर्दी उलट्या दिशेला झाली, मुदत लहान लहान होत जाणाऱ्या ऑप्शनकडे. २०१६ मध्ये बँक निफ्टीवर आणि २०१९ मध्ये निफ्टीवर आठवड्याचे ऑप्शन आले. अमेरिकेतला हौशी माणूस दोन वर्षांच्या हक्काबद्दल बोलतो, तर आपल्याकडचा मुलगा गुरुवार-मंगळवारच्या मुदतीवर पैसे लावतो. मुदत जितकी कमी तितके पैसे कमी लागतात, आणि तितके लवकर जातातही. कापरासारखे.

याचा निकाल काय लागला, तो सरकारी आकड्यांत आहे. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी शंभरातल्या ९३ जणांना तोटा झाला. सरासरी तोटा खर्च धरून माणशी सुमारे दोन लाख रुपये. सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. यात खेळणाऱ्या तीन-चतुर्थांश लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितलं होतं. आणि शंभरातले सत्तरहून अधिक मोठ्या तीस शहरांबाहेरचे होते. म्हणजे तालुक्याचे, जिल्ह्याचे, आपल्यासारख्यांच्या घरातले.

मग कमावलं कुणी? समोरच्या बाजूला मोठ्या कंपन्या आणि परदेशी गुंतवणूकदार होते, आणि त्यांचा बहुतेक नफा संगणकाच्या आपोआप चालणाऱ्या कार्यक्रमांतून आला. आपला मुलगा अंगठ्यानं बटण दाबतो तोवर तिकडच्या यंत्राचं काम झालेलं असतं. बायकांबद्दलही त्या अहवालात आहे. खेळणाऱ्यांत बाया शंभरात पंधराहून कमी होत्या, आणि २०२३-२४ मध्ये त्यांचा सरासरी तोटा पुरुषांपेक्षा कमी होता. पुरुषांचा सुमारे ८९ हजार, बायकांचा ७६ हजार. कमी असला तरी तोटाच.

त्यानंतर नोव्हेंबर २०२४ पासून सेबीनं एका सौद्याचा आकार मोठा केला आणि आठवड्याचे ऑप्शन प्रत्येक बाजारात एकाच निर्देशांकावर ठेवले. तरी २०२४-२५ या वर्षातही शंभरातले ९१ तोट्यातच राहिले.

मैत्रिणींनो, आम्ही शेअर बाजाराच्या विरोधात नाही. ज्या ताईला समजून-उमजून स्वतःच्या शिलकीतून दरमहा इंडेक्स फंडात थोडे टाकायचे आहेत, तिनं खुशाल टाकावेत. पाच-दहा वर्षं ते पैसे लागणार नाहीत एवढी खात्री मात्र करावी, कारण फंडाचाही भाव पडतो. कुणाच्या घरात शिकलेला मुलगा हौसेनं ऑप्शन करत असेल, तर त्याला तीन प्रश्न विचारा. पैसे कुणाचे आहेत? सगळे गेले तर घरातलं काय थांबेल? आणि तू हक्क विकत घेतोस की विकतोस? विकत घेणाऱ्याचा प्रीमियम जातो, त्याहून जास्त नाही. विकणाऱ्याच्या तोट्याला मात्र तळ नसतो. १८६५ मध्ये बुडालेल्यांनी जवळ पैसे नसताना मोठे शब्द दिले होते.

गटापुरतं आमचं म्हणणं स्पष्ट आहे. गटाची बचत ही दहा-बारा जणींची आहे, तिला मुदतीच्या खेळात जागा नाही. अंतर्गत कर्ज देताना कारण विचारायचं, आणि पुढच्या बैठकीत शेळी आली का, मशीन आलं का, हे बघायचं. हा अविश्वास नाही, आपल्या नियमातच आहे. टेलिग्रामवर, व्हॉट्सॲपवर कुणी ठरलेल्या नफ्याची हमी देत असेल, तर ती ऐकून सोडून द्या. फसवणूक झालीच तर उशीर न करता १९३० या क्रमांकावर फोन करा.

आणि एखाद्या सदस्येच्या घरात असा तोटा झालेला असेल, तर तिला बैठकीत सगळ्यांसमोर बोल लावू नका. लाजेपोटी माणूस तो तोटा भरून काढायला पुन्हा तिथंच पैसे लावतो, आणि त्यासाठी बाहेरचं महाग कर्ज काढतो. तिला जवळ बसवा, किती देणं आहे ते कागदावर मांडा आणि हप्ते पाडून द्या. सुप्याच्या बाजारात वह्या जाळण्याची वेळ आली, तेव्हा त्या शेतकऱ्यांजवळ सावकाराशिवाय दुसरं दार नव्हतं. आपल्या सदस्येजवळ गट आहे. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि घरातल्या मुलांनाही बसवा ऐकायला.